पत्त्यातलं प्रश्नचिन्ह

वांद्रे स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडलं की भाजीच्या गाडीपासून चपला शिवणाऱ्या कारागिरापर्यंत जिकडेतिकडे काळ्या-पांढऱ्या चौकोनांची कार्डं टांगलेली दिसतात. गिऱ्हाईक फोन समोर धरतं, पडद्यावर दुकानदाराचं नाव येतं, रक्कम आणि पिन टाकला की व्यवहार पुरा. हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे, की त्या चौकोनांत नेमकं लिहिलेलं काय असतं, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तिथे एक पत्ता लिहिलेला असतो. संकेतस्थळाला असतो, त्याच घडणीचा.

त्याची सुरुवात 'यूपीआय' या अक्षरांनी होते, मग 'पे' हा शब्द, मग एक प्रश्नचिन्ह. खरा मजकूर त्या प्रश्नचिन्हानंतर. तिथे जोड्या लावलेल्या असतात : 'पीए' म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता, 'पीएन' म्हणजे त्याचं नाव, 'एएम' म्हणजे रक्कम, 'सीयू' म्हणजे चलन, 'टीएन' म्हणजे व्यवहाराची टीप. जोडीतलं नाव आणि किंमत यांच्यामध्ये '=' हे चिन्ह, दोन जोड्यांच्या मध्ये '&'. भाजीवाल्याच्या छापील कार्डात 'एएम' नसतो, म्हणून रक्कम गिऱ्हाइकाने टाकायची. मोठ्या दुकानात बिल झाल्यावर काउंटरवरच्या यंत्रात जो कोड उमटतो, त्यात 'एएम' असतो. तिथे रक्कम आधीच भरलेली येते. ॲप तेच, पडदा तोच. फरक फक्त पत्त्यात.

ही लिपी ठरवणारी संस्थाही वांद्र्याचीच. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे एनपीसीआय, २००८ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयचा प्रारंभ झाला आणि ऑगस्ट २०२३मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांनी पहिल्यांदाच १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. यातला फार मोठा भाग बँकांच्या यंत्रणेचा आहे हे खरंच. पण रस्त्यावरच्या माणसापर्यंत यूपीआय पोचतं ते एका साध्या सोयीमुळे : पडद्यावर काय भरायचं, हे पत्त्यातच लिहून देता येतं.

प्रश्नचिन्हापुढच्या या जोड्यांना 'क्वेरी पॅरामीटर' म्हणतात. वेबवर त्या सगळीकडे आहेत. यूट्यूबच्या व्हिडिओच्या पत्त्यात 'व्ही' आणि त्यापुढे ११ अक्षरांची खूण असते; व्याख्यानातला नेमका मुद्दा दाखवायचा असेल, तर 'टी' लावून सेकंद लिहिता येतात. डबे पुरवणाऱ्या काकू व्हॉट्सॲपची अशी लिंक देतात, की ती दाबल्यावर "उद्याचा डबा हवा आहे" हा निरोप आधीच लिहिलेला येतो. ते काम 'टेक्स्ट' नावाच्या पॅरामीटरचं.

मात्र या सगळ्या उदाहरणांत वाहतूक एकाच दिशेने आहे. पत्ता बोलतो, पडदा ऐकतो. उलट दिशेने, म्हणजे माणसाने पडद्यावर काही बदललं की तो बदल पत्त्यात उतरावा, हे काम जास्त अवघड आहे, आणि त्याकडे दुर्लक्षही जास्त होतं.

वांद्रे पश्चिमेला भाड्याचं घर शोधणारं जोडपं समोर आणा. ती दुपारच्या सुट्टीत एका संकेतस्थळावर बसून फिल्टर लावते : वन बीएचके, भाडं अमुक रकमेच्या आत, लिफ्ट हवी, पार्किंग नसलं तरी चालेल. पाचशे घरांतून बारा उरतात. ती लिंक नवऱ्याला पाठवते. तो लोकलमध्ये उघडतो, तर समोर सगळ्या मुंबईतली घरं. "अगं, यातलं कुठलं म्हणतेस?" मग ती स्क्रीनशॉट काढून पाठवते. पण स्क्रीनशॉटमध्ये पुढचं घर उघडता येत नाही, भाड्याची मर्यादा दोन हजारांनी वाढवून बघता येत नाही. तिची दुपारची मेहनत तिच्याच फोनमध्ये अडकून पडली, कारण फिल्टर बदलत गेले आणि वरचा पत्ता जिथल्या तिथे राहिला.

आश्चर्य असं, की वेबला हे सुरुवातीपासून येत होतं. यूआरएलची, म्हणजे वेबवरच्या पत्त्याची, रचना डिसेंबर १९९४मध्ये प्रमाण दस्तऐवजात मांडली गेली. टिम बर्नर्स-ली तिच्या लेखकांपैकी एक. प्रश्नचिन्हानंतर शोधाचा मजकूर ही तरतूद तिच्यात तेव्हाच होती. त्या काळी शोधाचा अर्ज भरून बटण दाबलं, की ब्राउझर भरलेली प्रत्येक चौकट आपणहून पत्त्यात मांडायचा आणि नवं पान मागवायचा. पान हळू यायचं, पण प्रत्येक शोधाला स्वतःचा पत्ता मिळायचा. २००४-०५च्या सुमारास जीमेल आणि गूगल मॅप्स आले आणि पान पुन्हा न मागवता त्याचा हवा तो भाग बदलण्याचं तंत्र रुजलं. वेग आला, पत्ता मात्र गोठला. नकाशा वांद्र्यावरून वरळीपर्यंत सरकवला तरी वरच्या ओळीत काही हलायचं नाही. म्हणून गूगल मॅप्सवर 'या पानाची लिंक' अशा अर्थाचा वेगळा दुवा द्यावा लागला होता.

मधली काही वर्षं '#' चिन्हावर निभावली. त्यापुढचा मजकूर बदलला तरी ब्राउझर नवं पान मागवत नाही, म्हणून पडद्याची अवस्था तिथे लिहायची पद्धत पडली. ट्विटरने ती घेतली, गॉकर या अमेरिकी प्रकाशनसमूहानेही घेतली. पण '#' नंतरचा मजकूर सर्व्हरपर्यंत जातच नाही; कुठला लेख दाखवायचा, हे सगळं ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर सोपवलेलं. फेब्रुवारी २०११मध्ये गॉकरची जावास्क्रिप्ट बिघडली आणि समूहाची संकेतस्थळं वाचकांना कोरी दिसू लागली. ट्विटरने २०१२मध्ये ही पद्धत सोडली. तोवर एचटीएमएल-५ने चांगला मार्ग दिला होता : पान न हलवता फक्त पत्ता बदलण्याची सोय, 'हिस्टरी एपीआय'. गिटहबने २०१०च्या अखेरीस फायलींच्या यादीत ती वापरून दाखवली.

आता पान कशाचं बनतं, ते पाहू. आजचं पान हे स्वतंत्र भागांची जुळणी असते : भाड्याची सरकपट्टी हा एक भाग, खोल्यांची निवड दुसरा, घरांची यादी तिसरा. असे भाग एकदा घडवून कुठल्याही पानात बसवता यावेत, यासाठीचं वेबचं स्वतःचं मानक म्हणजे वेब कॉम्पोनंट. ॲलेक्स रसेल यांनी ही कल्पना २०११मध्ये मांडली. तिचा आजचा, सर्वमान्य झालेला अवतार क्रोममध्ये २०१६ साली, फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०१८मध्ये आला आणि जानेवारी २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही सामील झाला. २०१७मध्ये यूट्यूबने आपलं नवं रूप याच धर्तीवर, गूगलच्या पॉलिमर या लायब्ररीत बांधलं.

प्रत्येक कॉम्पोनंटजवळ काही प्रॉपर्टी असतात. सरकपट्टीची 'किमान' आणि 'कमाल', यादीची 'क्रम', लिफ्टच्या चौकटीची 'हो' किंवा 'नाही'. त्या क्षणी तो भाग कसा आहे, ते या प्रॉपर्टींत असतं. त्यांच्या शेजारी ॲट्रिब्यूट नावाची दुसरी नोंद असते, एचटीएमएलमध्ये लिहिलेली, आणि या दोन्ही नेहमी एकसारख्या असतीलच असं नाही. साध्या मजकुराच्या चौकटीचं उदाहरण घ्या. तिच्या 'व्हॅल्यू' ॲट्रिब्यूटमध्ये फक्त सुरुवातीचा मजकूर असतो. वापरणाऱ्याने टाइप केलं की प्रॉपर्टी बदलते, ॲट्रिब्यूट तसंच राहतं. म्हणजे पत्त्याचा प्रश्न येण्याआधीच एका गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या. पत्ता ही तिसरी.

या तिन्हींचा मेळ घालायचा, तर तीन वेळा सावध असावं लागतं. पान उघडताना पत्ता वाचून प्रॉपर्टी भरायच्या. वापरणाऱ्याने काही बदललं की प्रॉपर्टी पत्त्यात लिहायची. आणि त्याने ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबलं की पत्ता पुन्हा वाचून पडदा त्याप्रमाणे करायचा. पहिली दोन कामं बहुतेक जण करतात, तिसरं राहून जातं. मग पत्त्यात 'टू बीएचके' आणि यादीत वन बीएचकेची घरं, असा गोंधळ होतो. सुरुवातीच्या तक्रारीपेक्षा हा वाईट, कारण इथे पत्ता चक्क खोटं बोलतो.

पत्ता लिहिण्याच्याही दोन रीती आहेत. एक ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद घालते, दुसरी असलेल्या नोंदीवरच लिहिते. कुठे कुठली वापरायची, यात कारागिरी आहे. वन बीएचकेवरून टू बीएचकेवर जाणं हे ठरवून टाकलेलं पाऊल. मागे जाता आलं पाहिजे, म्हणून नवी नोंद. भाड्याची सरकपट्टी वीस हजारांवरून साठ हजारांवर ओढताना मधले सगळे आकडे मात्र नुसते वाटेतले. त्या प्रत्येकाची नोंद केली, तर परत जायला मागचं बटण चाळीस वेळा दाबावं लागेल. ॲपलच्या सफारीने तर अशा नोंदींवर बंधनच घातलं : ३० सेकंदांत १००हून जास्त नोंदी करू पाहणारा प्रोग्राम तिथे अडकायचा. म्हणून बोट उचलेपर्यंत थांबावं आणि मग एकदाच लिहावं.

दुसरा खड्डा म्हणजे चक्र. पत्ता बदलला म्हणून प्रॉपर्टी बदलली, प्रॉपर्टी बदलली म्हणून पत्ता बदलला, आणि हे थांबेच ना. उपाय सोपा आहे, लिहिण्याआधी तुलना करायची. किंमत तीच असेल तर हात लावायचा नाही. पत्त्याला हात लावण्याचं काम पानातल्या एकाच जागी ठेवावं, हेही इथेच सांगायला हवं. प्रत्येक कॉम्पोनंटने आपल्यात बदल झाल्याची फक्त वर्दी द्यावी. नाहीतर घरांची यादी आणि नकाशा हे दोघंही 'पान' याच नावाने पत्त्यात लिहायला लागतात आणि एकमेकांचं पुसतात.

पत्त्यात सगळं काही मजकूर असतो, आकडा किंवा हो-नाही असं वेगळं काही नसतं, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण 'लिफ्ट=फॉल्स' असं लिहिलेलं वाचून त्याचं घाईने हो-नाहीमध्ये रूपांतर केलं, तर जावास्क्रिप्टच्या लेखी रिकामा नसलेला कुठलाही मजकूर 'हो' असतो, आणि 'फॉल्स' हा शब्दही त्यातच आला. लिफ्ट नको म्हणणाऱ्याला नेमकी लिफ्टवालीच घरं दिसतात.

चिन्हांचा घोळ याहून मजेदार आहे, आणि त्याचं सर्वोत्तम उदाहरण पुन्हा वांद्रे-कुर्ला संकुलातलंच. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं मुख्यालय तिथल्या एक्स्चेंज प्लाझामध्ये आहे. त्यांच्या संकेतस्थळावर काही वर्षं शेअरच्या भावाच्या पानाचा पत्ता असा होता, की प्रश्नचिन्हापुढे 'सिम्बॉल' आणि त्यापुढे कंपनीचं बाजारातलं लघुनाम. बहुतेक कंपन्यांना काही अडचण नाही. पण महिंद्रा अँड महिंद्राचं लघुनाम आहे 'एम&एम', आणि जम्मू-काश्मीर बँकेचं 'जे&केबँक'. '&' म्हणजे तर पत्त्याच्या व्याकरणात पुढची जोडी सुरू! तेव्हा लघुनाम तसंच चिकटवलं, की समोरच्या यंत्राला 'सिम्बॉल' नुसता 'एम' मिळतो, आणि उरलेला 'एम' ही कसलीच किंमत नसलेली दुसरी जोडी ठरते. भाव आणणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना हा धडा या दोन लघुनामांनीच शिकवला आहे. '&'च्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि पुढे २६, असं लिहावं लागतं. अधिकच्या चिन्हाचंही तसंच. क्वेरीमध्ये '+' म्हणजे मोकळी जागा. रक्तदाते शोधणाऱ्या पानाच्या पत्त्यात 'बी+' हा गट तसाच लिहिला, तर वाचताना नुसता 'बी' आणि मागे एक रिकामी जागा हाती येते. तिथे ही चूक क्षुल्लक म्हणता येणार नाही. ब्राउझरमध्ये या कामासाठी 'यूआरएल सर्च पॅराम्स' नावाचं तयार साधन आहे. पत्त्याचे तुकडे हाताने जोडत बसण्यापेक्षा तेच वापरावं.

मग सगळंच पत्त्यात घालावं का? नाही. यूट्यूब व्हिडिओ चालू असताना प्रत्येक सेकंदाला पत्ता बदलत नाही. वेळ हवी असेल, तर शेअर करताना तशी खूण करावी लागते. उघडलेला मेनू, अर्धवट लिहिलेला शब्द, पानावर माणूस कुठवर खाली आला, याचा दुसऱ्याला सहसा उपयोग नसतो. कसोटी एवढीच लावावी : ही लिंक दुसऱ्याने उघडली, तर त्याला हे दिसायला हवं का?

आणि काही गोष्टी तिथे येताच कामा नयेत. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, एके काळी तर पुढच्या संकेतस्थळालाही सांगितला जायचा. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविमा संकेतस्थळाबाबत जानेवारी २०१५मध्ये हेच उघड झालं. विम्याचे दर पाहणाऱ्याचं वय, उत्पन्न, धूम्रपानाची सवय, गर्भवती आहे की नाही, हे सगळं क्वेरीमध्ये होतं आणि पानावर बसवलेल्या जाहिरात कंपन्यांच्या यंत्रणांकडे पत्त्यासोबत जात होतं. कुणी काही चोरलं नव्हतं. पत्ता फक्त आपलं नेहमीचं काम करत होता. २०२०पासून क्रोम दुसऱ्या संकेतस्थळाला फक्त मूळ संकेतस्थळाचं नाव सांगतो, क्वेरी नाही. तरी इतिहास आणि नोंदवही आहेतच. आधार क्रमांक, ओटीपी, आजाराचं नाव यांची जागा पत्त्यात नाही.

जे पत्त्यातून आत येतं, त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, हा याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. पत्ता कुणीही लिहू शकतो. कुणी यूपीआयच्या कोडमधल्या 'पीएन'मध्ये नामांकित दुकानाचं नाव घातलं आणि 'पीए' स्वतःचा ठेवला, तर नाव वाचून पैसे भरणारा फसणार. एप्रिल २०२५मध्ये एनपीसीआयने यावर स्पष्ट नियम केला : पैसे देण्याआधी दिसणारं नाव बँकेच्या नोंदीतून तपासून आलेलंच असावं, कोडमधून वाचलेलं नाव दाखवू नये. अंमलबजावणीला ३० जून २०२५ची मुदत होती. घरांच्या संकेतस्थळालाही हाच नियम लागतो. पत्त्यात भाडं 'उणे पाच' आलं किंवा क्रमाच्या जागी कुणी भलताच मजकूर घुसवला, तर कॉम्पोनंटने तो निमूट स्वीकारू नये. आपल्या ठरलेल्या किमतींशी ताडून पाहावा आणि न जुळल्यास मूळ किंमत धरावी.

मराठी वाचकांसाठी घडवल्या जाणाऱ्या पानांना यात एक जादा काम आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. 'वांद्रे' या शब्दात काना, अनुस्वार, हलन्त आणि मात्रा धरून सात चिन्हं आहेत. पत्त्यात त्यांची ६३ अक्षरं होतात. मराठी विकिपीडियाची लिंक व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर जी लांबच लांब आकडी-अक्षरी माळ दिसते, ती हीच. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत बहुधा मूळ देवनागरी दिसते, लिंक दुसरीकडे नेली की माळ. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररची पत्त्याची मर्यादा २,०८३ अक्षरांची होती. देवनागरीत ती जेमतेम २३० चिन्हांत संपली असती.

आकड्यांचं त्याहून नाजूक आहे. भाड्याच्या चौकटीत कुणी मराठी कळफलकावरून '२५०००' लिहिलं, तर जावास्क्रिप्ट त्याला आकडाच मानत नाही. तिच्या रूपांतराला फक्त रोमन लिपीसोबत येणारे अंक कळतात. मराठीतून लिहिणाऱ्याची काही चूक नसताना त्याचा फिल्टर मुकाट रद्द होतो. दहा अंकांची अदलाबदल करणाऱ्या चार ओळी कॉम्पोनंटमध्ये घातल्या की प्रश्न मिटतो, आणि मराठी, हिंदी किंवा नेपाळी लिहिणाऱ्या कुणालाही पुन्हा अडत नाही. या चार ओळी प्रत्येक अर्जात असायलाच हव्यात.

ठिकाणाच्या नावासाठी जास्त टिकाऊ उपाय आहे. कुणी वांद्रे लिहितं, कुणी बांद्रा, इंग्रजी स्पेलिंग आणखी वेगळं. तीन नावांच्या तीन लिंका झाल्या, तर एकच शोध तीन ठिकाणी विखुरतो. पत्त्यात पिनकोड ठेवला, तर ४०००५० म्हणजे वांद्रे पश्चिम आणि ४०००५१ म्हणजे वांद्रे पूर्व, कुठल्याही भाषेतून पाहा. पडद्यावर नाव मराठीतच दाखवायचं, लिंकमध्ये सहा अंक. मग मुलुंडहून मराठीत शोधलेली घरं न्यू जर्सीतला भाऊ इंग्रजीतून उघडू शकतो, आणि त्याला तीच बारा घरं त्याच क्रमाने दिसतात.